शी घाबरली

सरांच्या नर्सरी शाळेत अकरा वर्षांत एकाही मुलानं वर्गात चड्डी ओली केली नव्हती. असं सर म्हणत. पालकसभेत म्हणत, दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक भेटले की म्हणत, आणि कोणी विचारलं नाही तर विषय तिकडे वळवून म्हणत. त्यासाठी एक वेगळी वहीच ठेवलेली होती, 'अपघात नोंद' असं लेबल लावलेली. सर ती पालकांच्या नाकासमोर फडफडवून दाखवत. पानं कोरी करकरीत.

ह्याचं सगळं श्रेय सर प्रवेशपत्रिकेतल्या सातव्या नियमाला देत. तो त्यांनी स्वतः लिहिला होता. 'डायपर वापरणारे मूल वर्गात घेतले जाणार नाही. सवय लावण्याची जबाबदारी सर्वस्वी पालकांची राहील.' त्यातला 'सर्वस्वी' ठळक अक्षरात होता. एखादी आई चाचरत म्हणायची, "सर, तो अजून सांगत नाही हो. अडीच वर्षांचाच आहे." सर मंद हसत. ते हसू त्यांनी अशाच प्रसंगांसाठी राखून ठेवलेलं होतं.

"मूल तयार असतं, ताई. आईबाप तयार नसतात. तीन दिवस द्या. फक्त तीन दिवस. सातत्य, सकारात्मकता आणि सजगता."

ह्या तीन 'स'वर त्यांचा एक लेखही शिक्षकांच्या मासिकात छापून आला होता. फोटोसकट. फोटोत सर हनुवटीला हात लावून लांब कुठंतरी बघत होते.

अशा ह्या सरांना स्वतःची एक मुलगी होती. पावणेतीन वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत. आणि ठकी अजून डायपरमध्ये होती.

ही गोष्ट सरांनी घराबाहेर फुटू दिली नव्हती. डायपरचं पाकीट ते शाळेपासून सहा थांबे लांबच्या दुकानातून, काळ्या पिशवीत घालून आणत. बाकी ठकीचं सगळं त्यांची बायको बघायची. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. माणसाच्या आरपार बघण्याचा तिला रोजचा सराव, त्यामुळे नवऱ्याचं तिच्यापासून फारसं काही लपत नसे. ठकीच्या बाबतीत तिचं मत साधं होतं: "तिचं तिला कळेल तेव्हा सांगेल. घाई कोणाला आहे?"

घाई सरांना होती. कारण वर्ष संपताना, शिक्षिकांच्या बैठकीत, कोणीही विचारलेलं नसताना ते बोलून बसले होते, "पुढच्या वर्षी आमची ठकी पहिल्या दिवसापासून वर्गात असेल." शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता शाळा उघडायला बारा दिवस राहिले होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात बायकोला नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी सहा दिवस परगावी जायचं होतं.

निघताना ती बॅग भरत होती, ठकी बॅगेत बसली होती, आणि सर दारात हाताची घडी घालून उभे होते.

"मी नसताना काही नवीन काढू नकोस," ती म्हणाली.

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"लेखातले तीन दिवस का?"

"अगं, शास्त्रशुद्ध पद्धत आहे ती."

"बरं. त्या पद्धतीनं आजवर तू स्वतः किती मुलांना बसवलंयस?"

सर घाईघाईनं पुढं झाले आणि बॅगेची चेन लावू लागले. ठकी अजून आत होती, त्यामुळे ती लागली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी सरांनी सगळी तयारी चोख केली. गालिचा गुंडाळून कपाटावर टाकला. सोफ्यावर प्लॅस्टिक अंथरलं. भिंतीवर तक्ता लावला, त्यात चौकोन आखले, चमचमणाऱ्या चांदण्यांचं पाकीट खिशात ठेवलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ दर वीस मिनिटांनी वाजेल असं लावलं. आणि खोलीच्या मधोमध, सिंहासन मांडावं तशी, नवी कोरी पिवळी पॉटी मांडली. ती बदकाच्या आकाराची होती.

"हे बघ ठकी, आजपासून डायपर नाही. आता आपण मोठे झालो. शू आली, शी आली की कुठं जायचं?"

ठकीनं बदकाभोवती एक फेरी मारली. मग बदक उचललं आणि डोक्यावर घातलं.

"अंहं. टोपी नाही ती. त्यात बसायचं."

ठकीनं आपली बाहुली आणून बदकात बसवली, वरून पांघरूण घातलं आणि ओठांवर बोट ठेवून बाबांना गप्प केलं. घड्याळ वाजलं तेव्हा बाहुली झोपलेली होती, तिला उठवता येईना. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा बदकाला खाऊ भरवणं चालू होतं. तिसऱ्यांदा वाजण्याआधी दोन मिनिटं ठकी पडद्यामागं गेली आणि तिथं एक तळं झालं. सर मुळीच रागावले नाहीत. सकारात्मकता हा दुसरा 'स' होता. त्यांनी हसतमुखानं फरशी पुसली. लेखात शेवटी एक वाक्य होतं, 'मूल अनुकरणातून शिकते.' ते आठवून मग त्यांनी ठरवलं की आपणच करून दाखवायचं. अंगातल्या कपड्यांसकट ते बदकावर बसले. सर तसे भरल्या अंगाचे. बदकानं एकदा कुरकुर केली आणि मान वाकडी केली.

"हं, बघ! बाबांना शी आली! आहाहा, किती छान वाटतंय!"

ठकी कमरेवर हात ठेवून पाहत होती. "झाली?"

"झाली."

"शाब्बास बाबा," असं म्हणून तिनं त्यांच्या खिशातलं पाकीट काढलं आणि एक चांदणी त्यांच्या कपाळावर चिकटवली. मग दुसरी गालावर. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. सरांनी उठून दार उघडलं. पार्सलवाला होता. त्यानं सही घेतली, सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि जिना उतरताना दोनदा मागं वळून बघितलं.

दुपारी मात्र चमत्कार झाला. ठकी आपणहून बदकावर बसली आणि टप् टप् असा आवाज आला. सरांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या घरातून कोणीतरी भिंतीवर थाप मारली. तक्त्यावर पहिली चांदणी लागली. चार मिनिटांनी ठकी परत बसली. दोन थेंब. "चांदणी," ती हात पुढं करून म्हणाली. पुन्हा पाच मिनिटांनी, तीन थेंब. "चांदणी." संध्याकाळपर्यंत ठकीनं थेंबाथेंबानं एकवीस चांदण्या वसूल केल्या. मूत्राशयावर इतका ताबा असलेलं मूल सरांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बायकोचा फोन आला तेव्हा त्यांची छाती फुगलेली होती.

"एकवीस वेळा! पहिल्याच दिवशी!"

"एकवीस?" बायको म्हणाली. "तिला बरं नाहीये का?"

"पद्धत लागू पडलीय अगं."

"आणि शी?"

"ते उद्या."

उद्या आला, आणि घोडं तिथंच अडलं. न्याहारी झाल्यावर ठकी पडद्यामागं गेली. चेहरा लाल, डोळे स्थिर, एका हातानं पडदा घट्ट धरलेला. हा क्षण सर डोळ्यांत तेल घालून पाहत होतेच. त्यांनी झेप घेतली, ठकीला काखेत मारलं आणि घराला आग लागल्यासारखे धावत तिला बदकावर नेऊन आदळलं. ठकी हबकली. जे येत होतं ते आल्या पावली परत गेलं.

"बस. बस ना. आली होती ना?"

"नाही आली."

"अगं आता आली होती!"

"गेली."

पंधरा मिनिटांनी परत पडदा, परत झेप, परत "गेली". असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ठकी बदकावरून उठली, गंभीरपणे चालत दारापाशी गेली आणि सरांच्या शाळेत घालायच्या काळ्या बुटात शू केली. डावा बूट. आदल्याच दिवशी पॉलिश केलेला. आणि सरांचे तिन्ही 'स' एकाच वेळी सुटले.

"किती वेळा सांगायचं! मोठी मुलं असं करतात का? आं? लाज नाही वाटत?"

शाळेच्या मोठ्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज होता. एवढ्याशा खोलीत तो मावला नाही. ठकी रडली नाही. तिनं खालचा ओठ आत घेतला, बाबांकडे एकदा पाहिलं, आणि आपली बाहुली उचलून टेबलाखाली जाऊन बसली. सरांना तेव्हाच वाटलं की काहीतरी भलतंच झालंय. पण त्यांनी बूट धुवायला घेतला, कारण बुटाचं काय करायचं हे त्यांना कळत होतं.

त्या दिवशी शी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लेखातले तीन दिवस संपले. चौथ्या दिवशी ठकीनं जेवण बाजूला सारलं. ती पाय आवळून, टाचा उचलून, भिंतीला धरून चालू लागली. पोट ढोलासारखं टणक. सरांनी मनुका भिजवून दिल्या, कोमट पाणी दिलं, पोटावरून हात फिरवला, पुस्तकं वाचून दाखवली, बदकाची मान चिकटपट्टीनं सरळ केली. बदक दिसलं की ठकी दुसऱ्या खोलीत जाऊ लागली. स्वतः लिहिलेला लेख सरांनी कपाटातून काढून दोनदा वाचला. त्यात 'मूल सहकार्य करते' असं तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. मूल सहकार्य करत नसेल तर काय, ह्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"शी झाली का?" बायकोनं फोनवर विचारलं.

"प्रक्रियेत आहे."

"म्हणजे नाही झाली."

"तसं... म्हणायचं झालं तर."

"किती दिवस?"

सरांनी सांगितलं. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे. आणि तोवर तिच्यासमोर त्या विषयावर एक शब्द काढू नकोस. मी आल्यावर आपण बोलूच." ते शेवटचं वाक्य सरांना मुळीच आवडलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सर ठकीला कडेवर घेऊन दवाखान्यात बसले होते. बाकावर शेजारी एक माणूस बसचालकाच्या गणवेशात, मांडीवर सर्दी झालेली छोटी मुलगी घेऊन बसला होता. त्यानं सरांकडे दोन-तीनदा पाहिलं.

"सर ना तुम्ही? ओळखलं नाहीत. दोन वर्षांमागं माझा मुलगा होता तुमच्याकडे."

"हो का? वा, वा," सर म्हणाले. ओळख पटली नव्हती.

"पहिल्या आठवड्यात तीनदा फाटकातून परत पाठवलंत त्याला. डायपर होता म्हणून. तिसऱ्या वेळी मी अर्ध्या फेरीतून आलो होतो. प्रवाशांना मधेच उतरवून." त्याच्या आवाजात राग नव्हता. रस्ता कुठं बंद आहे हे सांगावं तसा तो सांगत होता. "तुम्ही म्हणाला होतात, मूल तयार असतं, आईबाप तयार नसतात. बायको दोन दिवस रडत होती."

सरांनी घसा साफ केला. "नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो हो..."

"ते खरं. हिला काय झालंय?"

"पोट जरा..." असं सर म्हणेपर्यंत ठकीनं त्यांच्या खांद्यावरून डोकं उचललं. पाच दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी तिची चौकशी करत होतं. तिनं बसचालकाकडे पाहिलं आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं:

"बाबा ओरडले. शी घाबरली. आत गेली."

समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी चष्मा सावरला. औषधांची नोंद करणाऱ्या मुलीनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बसचालक तेवढा हसला नाही.

"होतं असं," तो ठकीला म्हणाला. "हिच्या दादाची तर दहा दिवस घाबरून बसली होती."

"मग?" हे सरांनी विचारलं, अगदी हळू.

"मग काय, तुमच्या शाळेतल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, मागं लागू नका, दप्तरात फक्त दोन जास्तीच्या चड्ड्या..." इथं तो एकदम थांबला, आपल्या मुलीचं नाक पुसू लागला आणि म्हणाला, "म्हणजे, झालं आपोआप."

सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना आत बोलावलं होतं.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ठकीचं पोट चाचपलं, तिला बाहुलीचं पोटही तपासून दिलं, आणि मग चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

"कोण लागलंय हिच्या मागं?"

"मागं असं नाही, एक पद्धत..."

"हे सरबत दिवसातून दोनदा. डायपर परत लावा. पॉटी नजरेआड करा. विषय बंद."

"किती दिवस?"

"ती म्हणेल तितके."

"पण पुढच्या आठवड्यात शाळा आहे. तिथं नियम आहे, डायपर चालत नाही."

"ती कोपऱ्यावरची नर्सरी का?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दरवर्षी शाळा उघडायच्या आधी पाच-सहा पोरं अशीच येतात माझ्याकडे, पोटं फुगवून. कोणत्या गाढवानं केलाय हो हा नियम?"

सर ठकीच्या बुटाचा बंद बांधू लागले. तो बांधलेलाच होता.

घरी आल्यावर त्यांनी बदक माळ्यावर टाकलं, तक्ता काढला, सरबत दिलं, डायपर लावला. पहिल्यांदा उलटा लावला, मग सुलटा. ठकीनं डायपरवर हात फिरवून तो खरोखरच आहे ना हे पाहिलं. मग पडद्यामागं गेली. सर स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहिले, मान न वळवता, श्वास रोखून. बऱ्याच वेळानं पडदा हलला.

"बाबा, आली," ठकी म्हणाली.

सरांना पदवी मिळाली होती तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं, ते अर्धं आनंदाचं आणि अर्धं वासाचं.

बायको परत आली. आपण बोलूच, असं ती म्हणाली होती, ती बोलली. ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी एवढंच ठरलं की ठकी शाळेत जाईल, डायपर घालून जाईल, आणि शाळेत काय सांगायचं ते सर सांगतील.

सरांनी कोणालाच काही सांगितलं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी ठकीला त्यांनी ढगळ पायजमा घातला, वर गुडघ्यापर्यंतचा झगा घातला, आणि स्वतःच्या कातडी बॅगेत, प्रवेशअर्जांच्या खाली, काळी पिशवी दडवली. साडेदहाला मधेच वर्गात डोकावून ठकीला हळूच बाजूला न्यायचं, असा बेत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे डायपर फाटकाशी ओळखणारा माणूस स्वतःच्या मुलीचा डायपर फाटकातून चोरून आत नेत होता. फाटकाशी मावशी उभ्या होत्या. शाळा निघाली तेव्हापासून झाडलोट, पाणी, मुलांचे हातपाय, सगळं त्याच बघत. त्यांनी ठकीच्या चालीकडे पाहिलं, सरांच्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या, सर."

साडेदहाला सर वर्गात गेले तर ठकी जागेवर नव्हती. बाईंना विचारलं. बाई गडबडल्या. "असेल इथंच... म्हणजे मावशींबरोबर... हात धुवायला." सर हात धुवायच्या जागी गेले, तिथं कोणी नव्हतं. मागच्या सामानाच्या खोलीतून आवाज येत होता. त्यांनी दार ढकललं.

आत चार मुलं कमरेखाली उघडी, रांगेत उभी होती. तिसरी ठकी. मावशी गुडघ्यांवर बसून दुसऱ्याचं आवरत होत्या. त्यांच्यामागं रंगीत कागदांचं म्हणून ठेवलेलं कपाट सताड उघडं होतं, आणि वरच्या फळीवरचे कागद सोडले तर खालपासून वरपर्यंत त्यात नुसत्या चड्ड्या होत्या. लाल, निळ्या, ठिपक्यांच्या, घड्या करून, मापाप्रमाणे लावलेल्या. तळाशी डायपरची पाकिटं.

"दार लावा सर," मावशी मान न वळवता म्हणाल्या. "वारा लागतो पोरांना."

सरांनी दार लावलं. "हे काय आहे, मावशी?"

"चड्ड्या."

"ते दिसतंय मला. कधीपासून?"

"तुम्ही तो नियम काढलात ना, त्या वर्षापासून." त्यांनी दुसऱ्याला मोकळं केलं आणि ठकीला पुढं ओढलं. "मुलं काय नियम वाचून मुततात होय? पहिल्या वर्षी दोन महिन्यांत निम्मा वर्ग घरी बसला असता. मग मीच फाटकाशी आयांना सांगायला लागले. गुपचूप दोन चड्ड्या द्या, तोंड बंद ठेवा. जी पोरं तुमच्या हाती लागतात तीच परत जातात."

"आणि बाईंना?"

"बाईंना ठाऊक, पालकांना ठाऊक, त्या पाणी भरणाऱ्यालाही ठाऊक."

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तुम्ही ती वही इतक्या कौतुकानं दाखवत होता. त्यात लिहायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं."

सरांना मागच्या अंगणातली दोरी आठवली. रोज दुपारी तिच्यावर चिमुकले कपडे वाळत असत. गेल्या वर्षी तपासनीस आले होते तेव्हा सरांनी मुद्दाम खिडकी उघडून ते दाखवले होते आणि म्हटलं होतं, "आमच्याकडे बाहुल्यांचे कपडेसुद्धा रोज धुतले जातात." तपासनिसांनी ते अहवालात लिहून घेतलं होतं. आणि मागं उभ्या असलेल्या तीन शिक्षिकांना एकदम खोकला आला होता. खोकल्याची साथ असेल, असं सरांना तेव्हा वाटलं होतं.

"तुमची पिशवी द्या इकडं," मावशी म्हणाल्या. "ह्या मापाचा संपलाय माझ्याकडं."

सरांनी बॅग उघडली.

बारा वाजता नव्या पालकांची सभा होती. सर व्यासपीठावर चढले. तिसऱ्या रांगेत बसचालक बसला होता, धाकटीला घेऊन. तिचा प्रवेश यंदा होता. मागच्या दाराशी मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या. सरांनी टेबलावरची वही उचलली, फडफडवण्यासाठी हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. त्या क्षणी त्यांनी सरळ सगळं कबूल केलं असतं तर ही गोष्ट जरा वेगळी झाली असती. सुरुवात तर तशीच झाली.

"सातव्या नियमाबद्दल मला काही सांगायचंय," ते म्हणाले. सभा शांत झाली. एका आईनं मांडीवरच्या मुलाचा सदरा ओढून खाली केला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग इतक्या वर्षांची सवय उफाळून आली. "प्रदीर्घ संशोधनाअंती, बालकाच्या भावविश्वाचा सखोल विचार करून, आपण हा नियम मागे घेत आहोत."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. सरांच्या मानेला बऱ्याच दिवसांनी ताठपणा आला. "मूल घाबरलं की आपले नैसर्गिक आवेग रोखून धरतं," ते पुढं म्हणाले, "हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे."

"सर," बसचालकानं हात वर केला. "संशोधन कुठं झालं म्हणायचं?"

सरांनी वही टेबलावर ठेवली. "घरी," ते म्हणाले. बसचालकानं मान हलवली आणि तेवढ्यावर सोडून दिलं. सोडलं नसतं तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती.

सभा संपली, पालक सरांचे हात हातात घेऊन गेले. एक बाप तर म्हणाला, अशी दूरदृष्टी हल्ली दिसत नाही. सर प्रसन्न मुद्रेनं आपल्या खोलीत आले तर मावशी आत उभ्या होत्या.

"नियम काढलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता चोरून होतं ते उघड होणार. दहा पोरं होती तिथं पंचवीस येतील. माझे दोनच हात आहेत."

"बघू या, कोणी मदतनीस..."

"मिळेल तेव्हा मिळेल. तोवर साडेदहा ते अकरा तुम्ही यायचं."

"मी? मुख्याध्यापकानं?"

"तुम्हाला येतं की. संशोधन केलंय ना तुम्ही." मावशी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि कोट काढून या. वर उडतं."

सरांनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी मावशी आल्याच नाहीत, कंबर धरली असा निरोप आला. त्या दिवशी साडेदहा ते साडेबारा सर सामानाच्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर, केस विस्कटलेले, आणि चेहरा लढाई बघून आल्यासारखा. चौथ्या दिवशी मावशींची कंबर बरी झाली, आणि सर न बोलावता हजर झाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी सात डायपर उलटे लावले. दुसऱ्या आठवड्यात दोन. मुलं आता त्यांना घाबरेनाशी झाली, ही एक गंमतच. पूर्वी सर दिसले की रांग सरळ व्हायची. आता दालनाच्या त्या टोकावरून एखादं पोरगं चड्डी धरून बोंबलत यायचं, "शीसर! शीसर!" पाहुण्यांसमोर सुद्धा. सर त्यांना हळू आवाजात दुरुस्त करत. मुलं काही दुरुस्त होत नसत.

ठकीचं म्हणाल तर ती दोन महिने डायपरमध्येच होती. घरात विषय बंद होता. सर तोंडाला कुलूप लावून हिंडत. फार झालं की बाल्कनीत जाऊन येत. एका सुट्टीच्या सकाळी ते आरशासमोर दाढी करत होते. ठकी आली, मोठ्या माणसांच्या कमोडपाशी स्टूल ओढत नेलं, डायपर टराटरा काढला, वर चढली आणि कडेला दोन्ही हातांनी धरून बसली. सर अर्ध्या दाढीनं पुतळ्यासारखे उभे राहिले. साबण गळ्यावरून खाली ओघळला, तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

ठकीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, तू बाहेर जा."

"हो. हो, जातो."

"दार लाव."

सरांनी दार लावलं आणि हातात वस्तरा घेऊन पॅसेजमध्ये उभे राहिले. आत बराच वेळ काही नव्हतं. मग ठकीचं पुटपुटणं, मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. सरांनी स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं.

"आईऽऽ," आतून हाक आली, "झालं!"

"मी येऊ का, ठकी?"

"नाही. आई."

आई बाजारात गेली होती. सरांनी दाराबाहेरून तसं सांगितलं. आत थोडा विचार झाला.

"मग मावशी," ठकी म्हणाली.

मावशी आज यायच्या नाहीत, सुट्टी आहे, हेही सरांनी सांगितलं. ह्यावर आत आणखी बराच वेळ विचार झाला. सर दाराला कान लावून उभे होते, पायांखालची फरशी गार होती, आणि अर्ध्या गालावरचा साबण सुकून ओढ बसत होती.

"बरं, ये," शेवटी ठकी म्हणाली. "पण ओरडू नको हं. चांगलं झालं तरी नको."